वाईट दिवसांत संध्याकाळ कशी काढायची

दिवस वाईट आले की सल्ले देणारे लगेच जमतात, योगा कर, पॉझिटिव्ह रहा, पहाटे ५ ला उठ. अरे पण ज्याला रात्री २ पर्यंत झोप येत नाही तो पहाटे ५ ला उठून काय करणार, कोंबडा मोजणार?

आधी माझं सांगतो. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला १२ हजारांच्या वर गेलेला सगळ्यांनी डोळ्याने पाहिला होता, म्हणून पुढच्या हंगामाचा माल निघाला तसं गावात सगळ्यांनीच ठरवून टाकलं की १० हजारांच्या खाली द्यायचा नाही. हमीभाव ६,३८० होता, बाजारात त्यापेक्षा बरे पैसे मिळतही होते, पण डोक्यात १० बसलेला ना. मग काय, कापूस घरात. पुढची खोली पार छतापर्यंत भरली, टीव्ही त्याच्यामागे गाडला गेला तो गेलाच. भाव वर जायचा सोडून खाली येत राहिला आणि वरून त्या कापसाने घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली, अर्ध्या खान्देशात तेव्हा हेच चालू होतं. आम्ही ओट्यावर झोपायचो, खाजवायचो आणि मोबाईलवर भाव बघायचो. शेवटी पेरणीला पैसे पाहिजेत म्हणून जूनमध्ये ७ च्या आसपास देऊन टाकला.

त्या चार-पाच महिन्यांत दिवस कसे काढायचे ते थोडंफार जमलं, तेच लिहितो. कर्ज याने फिटत नाही, आधीच सांगून ठेवतो.

पहिलं काम: आपला वाईट तास शोधा

माणूस दिवसभर सारखाच उदास नसतो. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला चार दिवस फक्त वेळ लिहा, जेव्हा एकदम जीव घाबरा होतो किंवा कशातच मन लागत नाही ती वेळ. कारण लिहू नका, कारण लिहायला बसलात की तासभर तेच चघळत बसाल. माझी वेळ निघाली संध्याकाळी साडेसहा ते आठ, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर भावाचे मेसेज यायची वेळ. बायकोची निघाली दुपारी २, सगळं आवरून झाल्यावर घर शांत होतं तेव्हा. मायची पहाटे ४. एकाच घरात तीन वेगळ्या वेळा, त्यामुळे एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला लागू पडेल असं नाही. पूर्ण दिवस सुधारायच्या भानगडीत पडू नका, तेवढा एक तास धरा.

त्या तासात हाताला काम द्या

नुसतं बसून मन रमत नाही. काम असं पाहिजे की हात गुंततील, वास येईल आणि तासाभरात संपून समोर काहीतरी तयार दिसेल. हिवाळ्यात माझ्यासाठी ते म्हणजे भरीत. घरात बायका करतातच की, असं म्हणू नका, भरीत पार्ट्यांना शेतात पुरुष मंडळीच तर भाजायला बसतात.

वांगी आपली मोठी, फिकट हिरवी, अंगावर पांढऱ्या रेषा असलेली, बिया कमी असलेली (या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, भाव मात्र जीआय बघून मिळत नाही, असो). हातात घेऊन बघायचं, आकाराच्या मानाने हलकं लागलं तर चांगलं, जड म्हणजे आत बिया. सुरीने दोन-चार ठिकाणी टोचायचं नाहीतर फुटून तोंडावर येतं, माझ्या आलेलं आहे. वरून तेलाचा हात फिरवायचा. मग अंगणात कापसाच्या काड्या पेटवायच्या. ज्या कापसाने रडवलं त्याच्याच काड्या जाळताना किती बरं वाटतं ते करून बघा, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. काड्यांची आग झपकन पेटते झपकन बसते, त्यामुळे सारखं लक्ष ठेवावं लागतं, एक एक मूठ टाकत राहायचं, वांगं फिरवत राहायचं, तेवढ्यात मोबाईल हातात घेतला की वांगं एका बाजूने कोळसा. साल काळी पडून सुटायला लागली आणि देठाजवळ दाबल्यावर मऊ लागलं की झालं. साल काढून बडगीत, म्हणजे खोलगट लाकडी भांड्यात ठेचायचं. मिक्सर नको, ठेचण्यातच अर्धं औषध आहे, व्यापाऱ्याचं नाव मनात घेऊन ठेचलं तरी कुणाला कळत नाही. हिरवी मिरची आणि लसूण भाजून त्यातच ठेचायचे, मग तेलात जिरं, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे, भरपूर कांद्याची पात, आणि त्यावर भरीत. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत सालीसकट उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. ताटात पडेपर्यंत आठ वाजून गेलेले असतात. गेला की तास.

उन्हाळ्यात असली वांगी मिळत नाहीत, पण तेव्हा बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडयांची कामं असतात. गच्चीवर बसून वाळवण राखायचं, कुरडईचा गरम चीक तेल टाकून खायचा. कुणाच्या घरी चालू असेल तर मदतीला जा, नाही कुणी म्हणत नाही. आमच्या बहिणाबाई (१८८०–१९५१) कमी वयात विधवा झाल्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांना गाणी सुचायची ती जात्यावर नाहीतर शेतात, हात कामात असताना. आपल्याला गाणी सुचणार नाहीत, पण हात चालू असले की डोकं जरा गप्प बसतं हे खरंय.

मोबाईल

भावाचे ग्रुप म्यूट करा. सोडू नका, सोडले तर बाहेर काय चाललंय या काळजीने अजून त्रास होतो. सकाळी एकदा बघायचं, बस. संध्याकाळी बघून रात्री १० ला कापूस थोडाच विकणार आहात. आणि मन रमवायला म्हणून ऑनलाइन रमी वगैरेच्या नादी अजिबात लागू नका, आमच्याकडे आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) पत्त्यांत माणसं काय काय घालवून बसतात ते लहानपणापासून बघितलंय, अडचणीतला माणूस तर लवकर फसतो.

बाहेर पडा, पण स्वस्तात

ट्रिपबिप नको, तिचा खर्च परत डोक्यात फिरतो. मी अमळनेरला बाजाराला गेलो की १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून स्टेशनावर बसतो. सुरत-भुसावळ लाइन आहे, पॅसेंजर येते, अहमदाबादहून चेन्नईला जाणारी नवजीवन येते, खिडकीतली माणसं आपल्याकडे बघतात आपण त्यांच्याकडे. यातल्या एकालाही माझा कापूस किती क्विंटल आहे ते माहीत नाही, या विचाराने एवढं हलकं का वाटतं देव जाणे. जळगाववाल्यांना मेहरूण तलाव आहे, धुळेकरांना लळिंगचा किल्ला, हिवाळ्यात हतनूर धरणावर बाहेरचे पक्षी उतरतात. मे महिन्यात मात्र ४५ डिग्रीत हिंडू नका, तेव्हा अंगणात सडा मारून खाट बाहेर काढणं हीच ट्रिप.

कुणाजवळ बसायचं

"मग विकला का नाही अजून?" असं विचारणाऱ्याजवळ बसू नका. वय, नातं काही बघू नका, जो दुसरा विषय काढतो तो आपला. आमच्या गल्लीत एक आबा आहेत, ऐंशीच्या घरातले. मी जाऊन बसलो की अहिराणीत एवढंच विचारायचे, "जेवना का?" आणि मग त्यांच्या बैलजोडीचं पुराण सुरू, जी जोडी माझ्या जन्माआधीच मेलीय. तीच गोष्ट मी सात-आठ वेळा ऐकली असेल. दर वेळी बैल थोडे मोठे व्हायचे.

सांगावंसं वाटलं तर सांगायचंही, पण एकालाच आणि उजेडी. रात्री ११ ला दोन उदास माणसं बोलायला बसली की सकाळी दोघंही कामाचे राहत नाहीत.

आणि हे सगळं करूनही पंधरा-पंधरा दिवस झोप नाही, जेवण जात नाही, किंवा नको ते विचार यायला लागले तर भरीत-बिरीत बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्रीसुद्धा चालू असते आणि मराठीत बोलता येतं. घरातलं दुसरं कुणी असं गप्प गप्प झालं असेल तर त्यांच्याशेजारी बसून तुम्ही लावा. फवारणीची औषधं असल्या दिवसांत कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याजवळ.

पुढची एक तारीख हातात ठेवा

महिना-दोन महिन्यांवरचं काहीतरी, ज्याची तयारी आजपासून थोडी थोडी करता येईल. आपल्याकडे वर्षभर काही ना काही असतंच, श्रावणात कानबाई देवीचे रोट, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार (घोडा घ्यायचा नाही, बघायचा), उन्हाळ्यात आखाजी. आम्ही त्या वर्षी आखाजी धरली होती. बहिणी माहेरी येणार, पोरी गौराईची गाणी म्हणणार, निंबाला झोका बांधायचा, खोलीत कापूस असला म्हणून काय झालं. झोक्याचा दोर मात्र आठवडाभर आधीच काढून बघा. आमचा आदल्या दिवशी काढला तर उंदरांनी तीन ठिकाणी कुरतडलेला, मग बैलगाडीचा नाडा सोडून बांधला आणि पहिल्यांदा मायला बसवलं, ती नको नको म्हणत बसली आणि मग उतरेचना.