चाकूंचा संग्रह करायचाय? आईबाबांची परवानगी मागताना या चुका टाळा

आधी मागवायचं आणि मग विचारायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तरी दर सुट्टीत कुणी ना कुणी ती करतंच.

दहावीची परीक्षा संपलेल्या एका मुलाने मित्राच्या मोबाईलवरून बटणाचा चाकू मागवला. मुलगा क्लासला गेलेला असताना पार्सल आलं आणि आईने उघडलं. पातं जेमतेम साडेतीन इंचाचं होतं, पण खटकन उघडणारं, काळं, वर कवटीचं चित्र. "शोपीस आहे," असं त्याने सांगितलं. आईचा प्रश्न एकच होता: मग लपवून का मागवलास? त्याला उत्तर नव्हतं. चाकू बाबांच्या कपाटात गेला आणि वर्षभर घरात हा विषय काढायची सोय उरली नाही. कोयत्याच्या बातम्या रोज वाचणाऱ्या आईबाबांना पात्याच्या लांबीपेक्षा लपवाछपवीची भीती जास्त वाटते, आणि ती रास्त आहे.

म्हणून आधी वही करा. एका वस्तूला एक पान: नाव, कुठे बनते, पातं किती सेंटीमीटर, पोलाद गंजणारं की स्टेनलेस, किंमत, घरात कुठे ठेवणार. अशी तीन पानं भरली की रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, वही त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. "सगळ्यांकडे असतो" हे वाक्य तोंडातून काढू नका. नाही म्हणाले, तर सहा महिने वस्तू न घेता वही वाढवत राहा. ज्याला एवढा धीर नाही, त्याच्या हाती धारदार वस्तू देऊच नये.

पहिली वस्तू म्हणून रामपुरी किंवा सिनेमातला खंजीर दाखवणं ही दुसरी चूक. आपल्याकडे संग्रहाची उत्तम सुरुवात अडकित्त्याने होते. आजीच्या पानाच्या डब्यात बहुधा एक पडलेलाच असतो: वरच्या दांडीला पातं, खालची दांडी सपाट, पुढच्या टोकाला रिव्हेट. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते मांडलेले आहेत. तिथे आईबाबांनाच घेऊन जा. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला सुरुवात केलेला आपला संग्रह 1975 मध्ये राज्य सरकारला दिला. धारेच्या वस्तूवर केवढी कारागिरी असते हे तिथे डोळ्यांनी दिसतं, वाद घालावा लागत नाही.

घडीचा चाकू हवाच असेल तर फ्रान्सच्या ओपिनेलचा बोथट टोकाचा 7 नंबर बघा. पातं 8 सेंटीमीटर, आणि उघडल्यावर फिरवून अडकवायची कडी. पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ फुगते आणि पातं आत अडकतं. तेव्हा नखाने किंवा पकडीने ओढू नका. मूठ दोन-तीन दिवस कोरड्या जागी ठेवा, मग कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका, पातं बाहेर सरकतं.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त "दमास्कस", म्हणजे पोलादाच्या थरांची लाटांसारखी नक्षी असलेला चाकू, घेऊ नका. ती नक्षी बहुतेकदा वरवर कोरलेली असते.

संग्रहातली वस्तू घराबाहेर नेणं, ही ज्यामुळे छंद कायमचा बंद होतो ती चूक. दप्तरात नाही, ट्रेकला नाही, मित्राला दाखवायलाही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली शहरांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्यात सार्वजनिक जागी चाकू बाळगणंही येतं. विमानाच्या केबिनमध्ये तर तो चालतच नाही. शस्त्र नियम 2016 च्या यादीत तलवार, खंजीर, कुकरी आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांची शस्त्रं आहेत. घरकाम आणि शेतीसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. कोयता हातात धरून रील टाकणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतात. फोटो काढायचा तर वस्तू टेबलावर, शेजारी पट्टी. हात नको, चेहरा तर नकोच.

मिळालेली परवानगी गंजापायीही जाते. गंजका ढीग बघून कोणाचाही विश्वास बसत नाही. घामातल्या मिठाने दोन दिवसांत बोटांचे ठसे पात्यावर लाल उमटतात, कोकणातल्या हवेत त्याहून लवकर. हाताळून झालं की सुती फडक्याने पुसा आणि मेडिकलमधल्या लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब पसरवा. खोबरेल लावू नका, ते थिजतं आणि चिकट होतं. जुनं पितळ चिंचेने घासू नका, नक्षी झिजते. जुन्या बाजारातून आणलेलं पातं धारवाल्याच्या चाकावर तर अजिबात देऊ नका. कड निळसर झाली म्हणजे ती सुमारे 300 अंशांपर्यंत तापली, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. ते घरी परत येत नाही. संग्रहातल्या वस्तूला धारेची गरजच नसते.

चामड्याच्या म्यानात पातं साठवू नका, चामडं ओल धरतं. म्यान वेगळं, पातं वेगळं. सगळं कुलपाच्या पत्र्याच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, धाकट्या भावंडांच्या हाताबाहेर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेटी आईबाबांसमोरच उघडा, वहीप्रमाणे वस्तू मोजा, पुसा, आणि किल्ली परत आईकडे द्या.