टोर रिलेची बँडविड्थ: अपलोडचा आकडा धरा

इंदूरमध्ये रामबागेत किंवा राजवाड्याच्या आसपास घरच्या फायबरवर टोरचा (ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या नेटवर्कचा) रिले, म्हणजे इतरांची रहदारी पुढे पाठवणारा संगणक, लावणार असाल, तर प्लॅनच्या जाहिरातीतला वेग बाजूला ठेवा. रिले जेवढं आत घेतो तेवढंच बाहेर सोडतो, म्हणून अपलोड आणि डाउनलोडपैकी जो आकडा लहान, तोच खरा. तो मोजायचा वायफायवर नव्हे, केबल लावून. आणि रात्री जेवणानंतर, घरोघरी व्हिडिओ चालू असतात तेव्हा.

इथे हमखास गोंधळ होतो तो बिट आणि बाइटचा. स्पीड टेस्ट मेगाबिट दाखवते, टोरच्या सेटिंगमध्ये मात्र बहुतेक जण मेगाबाइट लिहितात. 8 ने भागा. अपलोड 40 मेगाबिट आलं तर ते सेकंदाला 5 मेगाबाइट. त्यातलं निम्मं, म्हणजे अडीच, ‘रिलेबँडविड्थरेट’ला, म्हणजे रिलेची वेगमर्यादा ठरवणाऱ्या सेटिंगला, द्या. घरातल्यांचं नेट अडलं की रिले बंद पडलाच म्हणून समजा, आणि लोकांना चालू राहणारे रिले हवे आहेत.

सुरुवातीला रहदारी नगण्य दिसेल. घाबरू नका. रिले स्वतःची क्षमता गेल्या 5 दिवसांतल्या सर्वांत वेगवान 10 सेकंदांवरून सांगतो, पण नेटवर्क तेवढ्यावर विसंबत नाही. खोटा मोठा आकडा सांगून कुणी लोकांची रहदारी आपल्याकडे ओढू नये, म्हणून वेगळे मापक सर्व्हर प्रत्येक रिलेमधून डेटा पाठवून पाहतात. या काळात सेटिंग रोज बदलू नका.

इंटरनेट कंपनीने स्वतंत्र सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, दिला नसेल तर रिले चालणार नाही. मग स्नोफ्लेक चालवा; टोर अडवलेल्या लोकांना टोरपर्यंत पोहोचवणारा तो छोटा प्रॉक्सी आहे. आणि एक्झिट रिले, म्हणजे ज्यातून रहदारी टोरबाहेर उघड्या इंटरनेटवर जाते तो, घरून नकोच.