परिसंवाद भरवताय? सुगम्यतेच्या बाबतीत या चुका टाळा

समावेशनावर परिसंवाद असतो, सभागृहाच्या दाराशी रॅम्पही असतो, पण व्हीलचेअरवरून आलेल्या वक्त्याला व्यासपीठावर चढायला वाट नसते. अपंग व्यक्ती ऐकायला येईल एवढं आयोजकांनी धरलेलं असतं; ती निबंध वाचेल, वाद घालेल, सत्राचं अध्यक्षपद भूषवेल, हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नसतं. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

शरीरातली उणीव वेगळी आणि समाजानं उभा केलेला अडथळा वेगळा, ही मांडणी ब्रिटनमधल्या अपंगांच्या संघटनेनं १९७६ मध्ये केली. ब्रिटिश अपंगत्व-अभ्यासक माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये तिला ‘सामाजिक प्रारूप’ म्हटलं. हे शिकवणाऱ्या विभागांनी तरी आपल्या फायली तपासायला हव्यात.

सर्रास होणारी चूक म्हणजे पानं स्कॅन करून पीडीएफ पाठवणं. आपल्याला मजकूर दिसतो, स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, नुसतं चित्र. फाइल उघडून एखादं वाक्य माउसनं निवडून पाहा. निवडता आलं नाही, तर अंध संशोधकाच्या हाती कोरं पान गेलंय. ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरनं मजकुरात बदलून घ्या, पण नंतर वाचूनही पाहा: देवनागरी जोडाक्षरं बिघडतात, दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळतात, तळटीप वाक्याच्या मधेच घुसते. शीर्षकं नुसती ठळक न करता त्यांना ‘हेडिंग’ शैली द्या. स्क्रीन रीडर वापरणारे त्यांच्या आधारानंच लेख चाळतात. कॉपीराइटची धास्ती असेल, तर २०१३ चा माराकेश हा आंतरराष्ट्रीय करार पाहा. अशा वाचकांसाठी सुगम प्रती काढायला त्यात वाट ठेवली आहे.

दुसरी चूक दुभाष्यांबाबतची. सांकेतिक भाषेचा एकच दुभाषी दिवसभर पुरत नाही. दोघं लागतात, आलटून पालटून काम करणारे. त्यांना निबंध, विशेषनामं, परिभाषा आधीच द्या. ‘ज्ञानमीमांसा’ हा शब्द ऐनवेळी आला, तर दुभाषी तो कसा दाखवावा या विचारात असतानाच वक्ता पुढच्या मुद्द्यावर पोचलेला असतो. चर्चेत एका वेळी एकच जण बोलेल, हे अध्यक्षांनी सांभाळायचं.

‘माझा आवाज मोठा आहे, माइक नको’ असं म्हणू देऊ नका. सभागृहातल्या लूप यंत्रणेला जोडलेल्या श्रवणयंत्रात आवाज माइकमधूनच जातो.

नोंदणी अर्जात ‘काही गरज असल्यास कळवा’ एवढंच लिहून सगळा भार समोरच्यावर टाकू नका. लिफ्ट, कॅप्शन, शांत खोली यांतलं काय आहे आणि काय नाही, ते आधीच खरंखरं लिहा. संपर्काला एका माणसाचं नाव द्या. वैद्यकीय प्रमाणपत्र मागू नका. सभागृहात बसण्यासाठी आपला आजार सिद्ध करायला लावणं अपमानास्पद आहे.

आणि अपंग अभ्यासकांना पहिल्याच बैठकीपासून आयोजन समितीत घ्या. अंदाजपत्रक तेव्हाच ठरतं. नंतर दुभाष्यांसाठी पैसे उरत नाहीत.