अन्नातले पिष्ट, प्रथिने आणि स्निग्धांश कसे ओळखावेत

सुरुवात साध्या पाण्यापासून करा. प्रत्येक चाचणी आधी नुसत्या पाण्यावर करून तो रंग बाजूला ठेवा. तुलनेला काही नसेल, तर फिकट रंग वाचताना हमखास चूक होते.

पिष्टासाठी औषधाच्या दुकानातले पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण घ्या, मलम नको. एका थेंबाला दहा थेंब पाणी या प्रमाणात ते पातळ करा. चमचाभर पीठ अर्धी वाटी पाण्यात उकळा, गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग दोन थेंब टाका. पिष्टातल्या अमायलोज या घटकाची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते. आयोडीन तिच्या पोकळीत अडकले की निळा-काळा रंग येतो. द्रावण गरम असेल तर आयोडीन तिथे टिकत नाही, रंग उडतो आणि गार झाल्यावर परततो. ‘पिष्ट नाही’ असा चुकीचा निष्कर्ष बहुतेक वेळा यामुळेच निघतो. लिंबू किंवा आवळ्याचा रस मिसळला असेल तरीही रंग जातो, कारण क जीवनसत्त्व आयोडीनचे आयोडाइड करते. कच्चे आणि पिकलेले केळे शेजारी ठेवून बघाच: कच्चे गडद होते, पिकलेले जेमतेम, कारण पिकताना पिष्टाची साखर होते.

प्रथिनांसाठी दोन द्रावणे लागतात: १०० मिली पाण्यात २ ग्रॅम मोरचूद, आणि दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा हळूहळू पाण्यात घाला, सोड्यावर पाणी ओतू नका. द्रावण तापते आणि त्वचा भाजते. चष्मा व हातमोजे हवेतच. हे काम मुलांवर सोपवू नका.

अंड्याचा पांढरा बलक पाण्यात कालवून २ मिली काचेच्या नळीत घ्या. त्यात दहा थेंब सोडा, मग फक्त दोन थेंब मोरचूद टाका. काही मिनिटांत जांभळा रंग येतो. मोरचूद जास्त पडला तर त्याचा निळा रंग जांभळा झाकून टाकतो. नळी तापवू नका. पदार्थात ग्लुकोज असेल तर विटकरी साका येऊन गोंधळ होतो. भिजवून वाटलेली तूरडाळ दोन्ही चाचण्यांत उतरते.

स्निग्धांशासाठी शेंगदाणा कागदावर चिरडा, कागद उन्हात पूर्ण वाळवा आणि उजेडासमोर धरा. पाण्याचा डाग नाहीसा होतो, तेलाचा अर्धपारदर्शक राहतो. गॅसवर वाळवू नका, तेलकट कागद चटकन पेटतो.

चाचणी केलेले काहीही खाऊ नका.