गेम इंजिन निवडताना या चुका टाळा

'युनिटी, अनरियल की गोडो?' ही गेम बनवायची तयार सॉफ्टवेअरं, म्हणजेच गेम इंजिनं. गेम करायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो, आणि तो पहिला असणं हीच मोठी चूक. गेम टू-डी की थ्री-डी, फोनवर चालणार की स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) विकणार, टीममध्ये कोणाला कुठली भाषा येते, हे आधी कागदावर येऊ द्या.

डेमो पाहून इंजिन ठरवू नका. अनरियल ५ चं ल्युमेन (खराखुरा वाटणारा प्रकाश) आणि नॅनाइट (अतिबारीक तपशिलांची थ्री-डी मॉडेल्स) पाहून डोळे दिपतात, पण टू-डी कोड्यांच्या गेमला त्यांचा उपयोग शून्य, आणि साध्या लॅपटॉपवर एडिटर उघडतानाच जीव जातो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 'राजी' (२०२०) अनरियलवर केला. तो थ्री-डी अ‍ॅक्शन गेम, त्यामुळे निवड चपखल होती. 'अंडरटेल' हा गेम मात्र गेममेकर या इंजिनवर झाला आणि 'बलाट्रो' लव्ह नावाच्या छोट्या फ्रेमवर्कवर (कोडच्या तयार सांगाड्यावर).

परवाना न वाचणं

सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने ठरावीक मर्यादेपुढे दर इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं. प्रचंड ओरड झाली, वर्षभराने निर्णय मागे घेतला, पण तोवर कित्येकांची झोप उडाली होती. अनरियलमध्ये गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरपुढे गेली की ५ टक्के रॉयल्टी लागते. गोडो एमआयटी या मुक्त परवान्याखाली पूर्ण मोफत आहे, पण कन्सोलसाठी (टीव्हीला जोडायच्या किंवा हातात धरायच्या गेमयंत्रांसाठी) अधिकृत एक्सपोर्ट नाही. पोर्ट, म्हणजे त्या यंत्रावर चालणारी आवृत्ती, स्वतः करावी लागते किंवा दुसऱ्या कंपनीकडून करून घ्यावी लागते. निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर जायचं असेल तर हा खर्च आधीच धरा.

मराठी शेवटी तपासणं

याकडे आपलीच मंडळी दुर्लक्ष करतात, आणि ते मला फार लागतं. पहिल्याच दिवशी रिकाम्या प्रोजेक्टमध्ये 'किल्ला, दऱ्या, शस्त्र, ज्ञान' एवढं टाइप करा. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या साधनात 'किल्ला'ची वेलांटी क च्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते आणि 'ल्ला' फुटून मधे हलन्त दिसतो. गोडो ३ मध्येही हीच रड होती. गोडो ४ मध्ये जोडाक्षरं नीट येतात. दोष कुठे आहे ते असं ओळखा: अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही, 'मुक्त' किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी' हा फॉन्ट टाकून बघा. अक्षरं दिसतात पण मोडतात, तर दोष बहुधा इंजिनाच्या मजकूर-मांडणीचा. युनिटीत प्लगइन वापरून मार्ग निघतो, पण त्याची शोधाशोध अर्धा गेम झाल्यावर नको.

मध्येच व्हर्जन बदलणं

गोडो ३ वरून ४ वर गेलं की कोडमधली नावंच बदलतात: 'कायनेमॅटिकबॉडी-टूडी'चं 'कॅरेक्टरबॉडी-टूडी' होतं, 'यील्ड'च्या जागी 'अवेट' येतं आणि स्क्रिप्टमध्ये चुका दाखवणाऱ्या लाल ओळींची रांग लागते. जायचंच असेल तर गिटवर (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) वेगळी ब्रँच, म्हणजे वेगळी प्रत, काढून तिथे करा. तेही आपल्या गेमचा डेमो लोकांसमोर गेल्यावर. तारीख तोंडावर असताना नाही.