नांगर दिसला म्हणून खलाशी ठरवू नका: जुनी कबर वाचायची कशी

सोलापुरातल्या ख्रिस्ती कबरस्थानात एखाद्या दगडावर नांगर कोरलेला दिसला, की बघणारा जागच्या जागी गोष्ट रचतो. कुणी गोरा दर्यावर्दी, जहाज सोडून इकडे आला आणि पटकीनं गेला. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. ख्रिस्ती लोकांत नांगर हे आशेचं चिन्ह आहे. नव्या करारात इब्री लोकांस पत्र ६:१९ मध्ये आशेला जिवाचा नांगर म्हटलंय. त्यामुळे शाळेतल्या बाईंच्या, तान्ह्या बाळाच्या, गिरणीतल्या कारकुनाच्या कबरीवरही तो सापडतो. क्रूस, नांगर आणि हृदय एकत्र असेल तर ते विश्वास, आशा, प्रीती हे त्रिकूट असतं. समुद्राशी त्याचा काडीचा संबंध नाही.

खऱ्या खलाशाच्या दगडावर पुष्कळदा चित्रच नसतं. एखादी ओळ असते, आणि नेमकी तीच झिजलेली असते. ती ओळ वाचता आली तर पुढचं काम सोपं आहे.

आधीची तयारी

पाळकांना किंवा फादरना भेटून परवानगी घ्या, पंचांना कळवा, आणि राखणदाराला स्वतः जाऊन सांगा, कारण वरून निरोप गेलेला नसतो. बूट, पाणी, टोपी, गाजरगवतातली जनावरं हे मी सांगायला नको. २ नोव्हेंबरला कॅमेरा घेऊन जाऊ नका. त्या दिवशी घरचे लोक मेणबत्त्या लावायला येतात. मोकळ्या हातानं मात्र जरूर जा. कुठल्या कबरीत कुणाचं कोण आहे, हे सांगणारी माणसं तेव्हाच भेटतात.

झिजलेली अक्षरं

खरी मेख इथेच आहे. माझाही सगळ्यात जास्त वेळ याच कामानं खाल्ला आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळाले. अक्षरांत खडू घास, पीठ चोळ, रांगोळी भर, खोबरेल लाव, तारेच्या ब्रशनं घास, बाथरूमचं अ‍ॅसिड एक थेंब टाक. यातलं एकही करू नका. संगमरवर आणि शहाबादी हे दोन्ही चुन्याचे दगड आहेत. अ‍ॅसिडनं ते विरघळतात, लिंबानं आणि व्हिनेगरनंही. तेल दगडात मुरतं आणि धूळ धरून बसतं. रांगोळीचा तोटा वेगळाच. ती कोरलेल्या रेषेत भरते तशीच ओरखड्यात आणि टवक्यातही भरते. मग मूळ रेष आणि ओरखडा सारखेच पांढरे दिसतात, आणि तुम्ही काढलेल्या फोटोत ती चूक कायमची नोंदली जाते. एका संगमरवरी दगडावर कुणीतरी हौसेनं काळ्या ऑइलपेंटनं अक्षरं गिरवलेली मी पाहिलीत. सालातल्या ३ चा ८ झालाय. पेंटखालची मूळ रेष आता कुणालाच दिसायची नाही.

करायचं एवढंच. कोरड्या मऊ ब्रशनं माती झटका. गरज पडली तर साध्या पाण्याचा बोळा फिरवा. संगमरवरावर बोट फिरवल्यावर साखरेसारखे कण हाताला लागले तर तेही नको, हात मागे घ्या.

बाकी सगळं काम उजेडाचं. उजेड समोरून पडला की झिजलेलं अक्षर सपाट दिसतं. तो दगडाला घासून, अगदी तिरका आला की उथळ रेषेचीही सावली पडते. इथे लोक डोळे मिटून सांगतात, ‘सकाळी लवकर जा.’ आडव्या दगडासाठी ते ठीक आहे. उभ्या दगडाचं तोंड पूर्वेला असेल तर सकाळचं ऊन थेट समोरून येतं आणि काहीच वाचता येत नाही. त्याच्यावर ऊन घासून जातं ते मध्यान्हाच्या जरा आधी. एप्रिल-मेच्या सोलापुरात त्या वेळी उभं कोण राहणार? म्हणून उन्हाच्या भरवशावर न राहता आपला उजेड आपण न्यावा. घरची जाड सोलापुरी चादर घ्या, दगडावर आणि स्वतःच्या डोक्यावर पांघरा, आत अंधार करा आणि हातातली बॅटरी दगडाच्या कडेला टेकवून पेटवा. जाणारे-येणारे हसतील, हसू द्या. पातळ बेडशीट चालत नाही, त्यातून ऊन आत येतं.

आता जे कुणी सांगत नाही ते. एका बाजूच्या उजेडात अर्धंच अक्षर दिसतं. बॅटरी डावीकडून धरली की उभ्या रेषांची सावली पडते आणि आडव्या रेषा गायब होतात. वरून धरली की आडव्या दिसतात, उभ्या जातात. रोमन लिपीतलं ‘ई’ डावीकडच्या उजेडात ‘आय’ होऊन बसतं, ‘एफ’चंही तेच. म्हणून फोन एका जागी पक्का टेकवून डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो प्रत्येक ओळीचे काढा आणि घरी ते शेजारी-शेजारी ठेवून वाचा. एकाच फोटोवरून केलेलं वाचन मी मानत नाही, कुणीही केलेलं असो.

शिशाच्या अक्षरांचा प्रकार आणखी निराळा. संगमरवरात अक्षराची खाच करून तिच्या तळाशी बारीक भोकं पाडायची आणि त्यात शिसं ठोकून बसवायचं, अशी ती पद्धत. कालांतरानं शिसं गळतं किंवा कुणी उपटून नेतं. मागे उरतात उथळ खाचा आणि मातीनं बुजलेली भोकं. लोकांना वाटतं, दगडाला कीड लागली. त्याच दगडावर शाबूत राहिलेली अक्षरं आधी शोधा आणि त्या कारागिराचं कुठलं अक्षर किती भोकांवर बसतं, ती कुठे पडतात, हे कागदावर काढून घ्या. मग गळालेल्या अक्षरांची भोकं त्या कागदाशी ताडून बघा. हा कागद दर दगडाला नवा करायचा. एका कारागिराची मोजणी दुसऱ्याला लागू पडत नाही.

आकड्यांवर सगळ्यात कमी विश्वास ठेवा. १ आणि ७, ३ आणि ८, ६ आणि ० यांची अदलाबदल ठरलेली. जन्म, मृत्यू आणि वय तिन्ही दिलं असेल तर वजाबाकी करून बघा. त्यातही एक खोच आहे. ‘वयाच्या ३४व्या वर्षी’ असं इंग्रजीत कोरलेलं असेल तर त्या माणसाची ३३ वर्षंच पुरी झालेली असतात. हे ध्यानात न घेतल्यामुळे कितीतरी जन्मसालं एकानं चुकलेली आहेत.

उतरवताना ओळीची ओळ ठेवा, शुद्धलेखन सुधारू नका, खात्री नसलेलं अक्षर कंसात घाला आणि वाचता न आलेली जागा रिकामी सोडा. अंदाजानं भरू नका.

हा माणूस दर्यावरचा होता का?

हुद्द्यावर भाळू नका. सोलापुरात छावणी होती, त्यामुळे इथला ‘कॅप्टन’ बहुधा पायदळाचा. ‘इंजिनियर’ म्हटलं की आधी रेल्वे आणि १८७७ साली सुरू झालेली पहिली गिरणी यांचा विचार करा, जहाजाचा नंतर. ‘मरीन बटालियन’ वाचूनही उडी मारू नका. मुंबई लष्करातली ती पायदळाची पलटण होती, जहाजांवर कामाला जायची एवढंच. ‘बुडून मृत्यू’ला तर विहीर आणि भीमा पुरेशा आहेत.

भरवसा ठेवावा तो नावानंतरच्या आद्याक्षरांवर. आर.एन. म्हणजे ब्रिटिश आरमार. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराला आधी बॉम्बे मरीन म्हणत. १८३० मध्ये ते इंडियन नेव्ही झालं, १८६३ मध्ये पुन्हा बॉम्बे मरीन, १८७७ मध्ये हर मॅजेस्टीज इंडियन मरीन, १८९२ मध्ये रॉयल इंडियन मरीन आणि १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही. म्हणजे साल पुसलेलं असलं तरी नुसत्या आर.आय.एम. एवढ्यावरून माणूस १८९२ ते १९३४ मधला ठरतो. एच.सी.एस. जपून वाचा. पुढे जहाजाचं नाव असेल तर ते कंपनीचं जहाज, माणसाच्या नावानंतर असेल तर कंपनीची नोकरी, आणि तीही बहुधा कचेरीतली. व्यापारी जहाजाच्या कप्तानाला ‘मास्टर’ किंवा ‘मास्टर मरिनर’ लिहीत. नांगराभोवती दोर गुंडाळलेला असेल तर मात्र मीही थांबून बघतो. ती ब्रिटिश आरमाराची खूण आहे.

आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे दगड ‘इथे पुरला आहे’ म्हणतो की नुसतं ‘स्मरणार्थ’. समुद्रावर मेलेल्याचा देह बहुधा समुद्रालाच दिला जाई. म्हणून त्याचं नाव कबरीपेक्षा चर्चच्या भिंतीवरच्या पाटीत, नाहीतर आईबापांच्या दगडाच्या तळाशी नंतर कोरलेल्या ओळीत मिळतं. तळाची ओळ गवतात आणि काळ्या मातीत बुडालेली असते. भर घातलेली माती हातानं बाजूला करा, कुदळ लावू नका.

पडताळणी

चर्चचं दफनाचं रजिस्टर बघू देतात का ते विचारा. मुंबई इलाख्यातल्या दफनांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. पहिल्या महायुद्धातला माणूस असेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाका, शोध फुकट आहे. गावोगावच्या कबरस्थानांत पुरलेल्या आणि जिथे निगा राखणं शक्य नाही अशा १,८०० हून अधिक जणांची नावं पुण्यात खडकीच्या स्मारकावर घेतलेली आहेत. त्यामुळे इथल्या माणसाचं नाव तिथे मिळू शकतं.

झिजलेल्या दगडाला हात घालण्याआधी शाबूत दगड डोळ्यांखालून घाला, म्हणजे मजकुराचे साचे अंगवळणी पडतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघालात की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून सेंट थॉमस कॅथेड्रल चालत जाण्याइतकं जवळ. १८०८ साली ‘पिएमोंतेझ’ या फ्रेंच युद्धनौकेशी झालेल्या झुंजीत मारला गेलेला कॅप्टन जॉर्ज निकोलस हार्डिंज याचं स्मारक तिथे आहे. त्याचा देह तिथे नाही. तिथून मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये जा. पहिल्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथे आहे. या माणसांना इंग्रजी कबरस्थानात शोधून उपयोग नाही. आणि दर्यावर्द्यांची स्मारकं साहेबाबरोबर आली असं कुणी म्हणालं, तर त्याला बोरिवलीजवळच्या एकसरला पाठवा. तिथल्या वीरगळांवर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ गलबतं कोरलेली आहेत, इंग्रज यायच्या कित्येक शतकं आधीची. सोलापूर जिल्ह्यात देवळाच्या पारावर वीरगळ पाहून मोठे झालेल्यांना तो दगड कसा वाचायचा हे शिकवावं लागत नाही: खालच्या चौकटीपासून वर.

उतरवलेल्या मजकुराची एक प्रत फोटोंसकट पाळकांकडे द्या आणि तीवर वाचनाची तारीख घाला. पुढच्या वेळी त्याच दगडावर एखादं अक्षर कमी असेल, तेव्हा ती तारीख लागेल.