नोकरीतून सुटायला नवीन स्किल शिकताय? मग या चुका टाळा

नोकरीला वैतागलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो तर कोर्स शोधतो. सुट्टी संपत आली, उद्या परत तेच तोंड आणि तेच काम, मग रात्री मोबाईल घेऊन कुठलातरी डेटा सायन्सचा नाहीतर डिजिटल मार्केटिंगचा कोर्स उघडायचा, ऑफर काय कायमच चालू असते, घेऊन टाकायचा, आणि त्या रात्री झोप बरी लागते. गोची तिथेच आहे, पैसे भरल्या भरल्या अर्धं समाधान मिळून जातं आणि नोकरी जिथल्या तिथे राहते. शिकू नका असं अजिबात म्हणत नाहीये. पण शिकण्याच्या नादात लोक त्याच त्याच गडबडी करतात, त्या टाळता येतात.

त्रास नक्की कशाचा आहे हे न बघणं

स्वतःला एक प्रश्न विचारा. हेच काम, पण दुसरा बॉस, दुसरी टीम आणि वेळेवर घरी जायला मिळालं असतं, तर चाललं असतं का? उत्तर 'हो, पळालं असतं' असं आलं तर तुम्हाला नवीन स्किल नकोय, दुसरी कंपनी हवीये, आणि त्यासाठी सहा महिन्यांचा कोर्स नाही तर नीट सीव्ही आणि थोडी हिंमत लागते. पगाराचा प्रॉब्लेम असेल तर आहे त्याच कामाला बाहेर काय मिळतंय ते आधी बघा. कामाचाच वीट आलाय, ते काम डोळ्यासमोर आलं तरी नको वाटतं, असं असेल तर मग शिकायचा विषय काढा.

हे एका बैठकीत कळत नाही. दोन-तीन आठवडे रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा, आज कशाने डोकं फिरलं आणि कशात बरं वाटलं. बऱ्याच जणांच्या यादीत काम कमी आणि मीटिंगा जास्त निघतात. आणि नुसता थकवा असेल तर आधी चार दिवस रजा घ्या, थकलेल्या डोक्याने करिअरचे निर्णय घेऊ नयेत.

ट्रेंड बघून विषय ठरवणं

'या पाच स्किल शिका, आयुष्य बदलेल' टाइपचे व्हिडिओ बघून ठरवलंत तर तोच व्हिडिओ बघितलेले हजारो लोक तुमच्याबरोबर त्याच रांगेत उभे असतात. उलट बाजूने या. जे काम हवंय त्याच्या पंचवीस-तीस जाहिराती गोळा करा, एका शीटमध्ये टाका, आणि कुठली गोष्ट परत परत मागितलीये ते मोजा. तीनचार नावं सगळीकडे दिसतील, बाकीची भरताड असते, एचआरने जुन्या जाहिरातीतून उचललेली. अनुभवाचा रकाना पण वाचा, सगळ्याच जाहिराती चार-पाच वर्षं मागत असतील तर नवख्यासाठी तिथे दार बंद आहे, कोर्स कितीही भारी असला तरी. मग त्या कामाच्या एक पायरी खालचं काम कुठलं ते शोधायचं.

अजून एक, जुनं म्हणजे टाकाऊ असं नसतं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, १९७० च्या दशकातली आहे, १९८६ साली त्याचं स्टँडर्ड ठरलं, आणि आजही डेटाच्या कामात ते मागतातच. याउलट वेबसाइटवर ॲनिमेशन आणि गेम चालवणारं फ्लॅश एकेकाळी सगळीकडे होतं आणि ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने त्याचा सपोर्टच बंद केला. ज्यांना फक्त ते एक टूल येत होतं त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, ज्यांना ॲनिमेशन आणि प्रोग्रामिंगची समज होती ते दुसऱ्या टूलवर गेले. म्हणून टूल शिका, पण त्याच्या खालचं काम पण शिका.

आहे तो अनुभव कचऱ्यात टाकणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. नोकरी नकोशी झाली की तिथे शिकलेलं सगळंच नकोसं होतं, आणि दहा वर्षं अकाउंट्समध्ये काढलेला माणूस सीव्हीवर ती दहा वर्षं दोन ओळीत उरकतो आणि वर मोठ्या अक्षरात 'पायथन' ही प्रोग्रामिंगची भाषा लिहितो. आता पायथन तर कालच कॉलेजमधून निघालेल्या मुलाला पण येतं आणि बहुतेक जास्त चांगलं येतं, पण महिनाअखेरीला हिशोब का जुळत नाहीत, कुठल्या नोंदीत लोक कायम घोळ करतात, ऑडिटवाले काय विचारतात हे त्या मुलाला माहीत नसतं. या माणसाने एक्सेलमधलं पॉवर क्वेरी (वेगवेगळ्या फाइलींतला डेटा गोळा करून साफ करायचं टूल) आणि थोडं एसक्यूएल शिकून फायनान्सच्या रिपोर्टिंगच्या कामाला अर्ज केला तर तो नवखा राहत नाही.

असंच बाकीच्यांचं. कस्टमर सपोर्टमध्ये शिव्या खाल्लेल्या माणसाला प्रॉडक्ट कुठे फसतं हे टेस्टरपेक्षा चांगलं माहीत असतं, त्याने टेस्टिंग शिकावं. शिक्षकाला धडा कसा मांडायचा ते येतं, कंपन्यांच्या ट्रेनिंगचं मटेरियल बनवायला माणसं लागतातच. नर्सला हॉस्पिटलचं रोजचं काम आतून ठाऊक असतं, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्या टीमला असा माणूस हवाच असतो. काम आणि क्षेत्र दोन्ही एकदम बदलायला गेलात तर दोन्हीकडे कच्चे. एका वेळी एकच बदला, दुसरं पुढच्या नोकरीत.

व्हिडिओ बघणं म्हणजे शिकणं नाही

समोरचा करतोय तोपर्यंत सगळं कळतं, व्हिडिओ बंद करून रिकामी फाईल उघडली की हात चालत नाही. यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता, एका गटाने धडा परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे वाचताना 'आलं मला' असं जे वाटतं ते फसवं असतं.

उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा. दहा मिनिटं बघा, बंद करा, तेच स्वतः करा, अडा, परत बघा. दोन दिवसांनी न बघता परत करा. एआयला उत्तर मागू नका, त्याला तुमची परीक्षा घ्यायला सांगा, 'मला यावर प्रश्न विचार आणि चुकलं तर फक्त हिंट दे'. तयार कोड चिकटवून प्रोजेक्ट उभा राहतो हो, पण इंटरव्ह्यूत 'ही ओळ का लिहिलीत' म्हटलं की संपलं.

सर्टिफिकेटांचा ढीग

एमआयटी आणि हार्वर्डच्या ऑनलाइन कोर्सेसवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' या विज्ञान साप्ताहिकात आला होता, २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला होता. तेव्हा अर्धवट सुटलेल्या कोर्सची लाज वाटून घेऊ नका. पण पूर्ण करणाऱ्यांचं तरी काय होतं, एक संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा, अर्ज मात्र एकही नाही. काही क्षेत्रांत लायसन्स नाहीतर परीक्षा लागतेच, तिथे इलाज नाही. काही परीक्षांना आधी अनुभव लागतो, पीएमपीला, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरच्या परीक्षेला, प्रोजेक्ट चालवल्याचा लागतो, आणि एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची, सर्टिफिकेटं तीन वर्षांनी संपतात, हे फी भरायच्या आधी बघा.

बाकी ठिकाणी केलेलं काम दाखवा. तेही सगळ्यांसारखं नको, कॅगल या डेटा स्पर्धांच्या साइटवरचा टायटॅनिकच्या प्रवाशांचा डेटा घेऊन केलेला प्रोजेक्ट इंटरव्ह्यू घेणाऱ्याने इतक्यांदा बघितलेला असतो की तो पुढची स्लाइड पण सांगेल. तुमच्या कामात रोज येणारी एखादी खरी कटकट घ्या आणि ती सोडवून दाखवा. फक्त कंपनीचा खरा डेटा घेऊ नका, सगळं खोट्या नावाआकड्यांनी बनवा, आणि हे कंपनीच्या लॅपटॉपवर तर मुळीच करू नका. कंपनीच्या वेळेत किंवा मशीनवर बनवलेलं कंपनीचं, असं बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं, तुमच्या करारात काय आहे ते एकदा वाचा.

रोज रात्री तीन तासांचा प्लॅन

चार दिवस टिकतो. अर्धा तास धरा, शक्यतो कामावर जायच्या आधी. मध्ये खंड पडला तर पहिल्या व्हिडिओपासून सुरू करू नका, शेवटचा सराव न बघता करून बघा, जिथे अडाल तिथून पुढे.

पूर्ण तयारी झाल्यावरच अर्ज करणं

ती कधीच होत नाही. जाहिरातीतलं निम्म्याहून थोडं जास्त जमायला लागलं की अर्ज टाकायला लागा, आणि हातातली नोकरी तोपर्यंत सोडू नका, अगदी तब्येतीवर येत असेल तरच वेगळा विचार. अर्ज टाकायला लागलात की नेमकं कुठे अडतंय ते आपोआप कळतं.

अर्ज करून करून फोनच येत नाही? सीव्ही नाहीतर निवडलेलं काम चुकतंय, अजून एक कोर्स करून काही होणार नाही. जाहिरातीतलेच शब्द सीव्हीत आहेत का ते बघा, कारण बऱ्याच ठिकाणी आधी सॉफ्टवेअर छाटणी करतं. फोन येतो पण टेस्टमध्ये उडता? हे खरं स्किलचं काम, घरी आल्यावर आठवतील ते प्रश्न लिहून काढा, पुढचा अभ्यासक्रम तोच. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन नकार येतो? मग बहुतेक 'आधीची नोकरी का सोडताय' इथे काहीतरी होतंय. बॉसच्या तक्रारी सुरू झाल्या की समोरचा सावध होतो, तिथे नवीन कामात काय करायचंय आणि त्यासाठी काय करून बघितलंय एवढंच बोला, दोन मिनिटांत. आणि ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका, तोंडी 'झालं तुमचं' म्हणून महिनाभर गायब होणारे एचआर भरपूर आहेत.